चंदेरी पट्टीखाली

१

पहिलं कार्ड शांतम्मांनी स्वतःच्या नखानं खरवडलं. तो मान त्यांचाच होता. अहमदपूरच्या त्या गल्लीत सगळ्यांना 'झुंजुरका' नावाच्या कंपनीचाच चहा घ्यायला त्यांनीच लावलं होतं, आणि वर्षभर प्रत्येक पाकिटातून निघालेलं कार्ड त्यांच्याच देवघरातल्या पत्र्याच्या डब्यात पडत आलं होतं. कार्डावर चंदेरी पट्टी, पट्टीखाली आकडा. तो आकडा फोनवरून कंपनीला कळवला की खात्यात तारे जमा व्हायचे, आणि पुरेसे तारे झाले की कंपनीची वस्तू फुकट. कुणीही आपलं कार्ड घरी खरवडायचं नाही, सगळी एकाच दिवशी, सगळ्यांच्या समोर खरवडायची, असं ठरलं होतं. त्या ताऱ्यांतून पंचफुलाला शिलाई मशीन घ्यायची होती.

पंचफुलाचा नवरा टेम्पोच्या अपघातात गेला, तेव्हापासून ती लोकांच्या घरी भाकऱ्या-पोळ्या करून पोट भरत होती. शांतम्मांकडे तर ती रोजच असायची. लग्नाआधी तिच्या हातची झबली आणि परकर तालुक्यात नावाजलेली होती. मशीन आली की बाई घरी बसून चार पैसे मिळवेल, असा गल्लीचा हिशोब.

आकडे घालायला धम्मप्रिया फोन घेऊन बसली होती. झेरॉक्सच्या दुकानात कामाला जाणारी, संध्याकाळी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेणारी ही पोरगी. फोनमधलं काही अडलं की सगळ्या तिच्याकडेच धावायच्या.

"घाल ग," शांतम्मा म्हणाल्या.

धम्मप्रियानं आकडा घातला आणि थांबली.

"काय झालं?"

"अम्मा, हा आकडा आधीच वापरलाय म्हणून दाखवतंय."

दुसरं कार्ड खरवडलं. तेच. तिसरं, चौथं. बायकांनी भराभर कार्डं खरवडली. प्रत्येकीची पट्टी शाबूत होती, आणि प्रत्येक आकडा कुणीतरी आधीच वापरलेला होता. अगदी अलीकडे डब्यात पडलेली थोडी कार्डं तेवढी चालली. नुसती कंपनीची गडबड असती तर तीही चालली नसती, हे एकीच्या लक्षात आलं. तिनं धम्मप्रियाच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. मग दुसरीनं पाहिलं. मग सगळ्यांनीच.

२

शिवकन्या चहा कंपनीच्या नांदेडच्या डेपोत ग्राहकांच्या तक्रारी बघायची. मूळची उदगीरची, पन्नाशीला टेकलेली, हळू बोलणारी. कंपनीनं तिला नेमलं होतं ते खरं तर तक्रारी फेटाळायला. पण समोरचा माणूस बोलायचा थांबेपर्यंत ती मध्ये बोलायची नाही, आणि या एका सवयीमुळे तिच्याकडे आलेली बरीच प्रकरणं वेगळीच निघायची.

अहमदपूरची तक्रार धम्मप्रियानं केली होती. तिनं मशीन मागितली नव्हती. 'आमची कार्डं कुणी वापरली ते शोधून द्या', एवढंच मागणं होतं.

शिवकन्यानं निघण्याआधी कंपनीत जेवढं मिळेल तेवढं पाहून घेतलं. सगळे आकडे एकाच खात्यात गेले होते. खात्यावर नाव म्हणून नुसतं 'ताई', आणि ज्या नंबरवर ते उघडलं होतं तो नंबर आता बंद. तारे वापरून वस्तूही नेली होती, लातूरच्या केंद्रातून. तिथल्या माणसाला तिनं फोन लावला.

"दोघीजणी आल्या व्हत्या, मॅडम. तोंडाला ओढण्या बांधलेल्या. घरघंटी घेऊन गेल्या."

"शिलाई मशीन नाही?"

"न्हाई. मशीन बी होती शिल्लक, तेवढ्याच ताऱ्यांत. म्हणल्या, घरघंटीच पाहिजे."

"आणखी काही आठवतं?"

"एक बोलून राहिली व्हती. दुसरी गप. त्या गप बाईनं घरघंटीवर लई वेळ हात फिरवला. वरून, खालून, बटणावरून. मला वाटलं, पोचा आहे का बघून राहिली."

घरात दळण करायची ती छोटी चक्की. चोरानं सायकल घेतली नव्हती, मिक्सरही नाही. शिवकन्याला बसमध्ये तेच घोळत राहिलं.

३

शांतम्मांनी तिला ओसरीवर बसवलं आणि डबा पुढे ठेवला. त्यांचे यजमान महादेवप्पा गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान चालवायचे. तेही येऊन टेकले.

"आमच्या घरातून चोरी झाली म्हणून आमच्याकडं बी बोट हाय, हे ठाऊक हाय मला," महादेवप्पा म्हणाले. "पण दुकानात फुटलेल्या पाकिटांची कार्डं मलाच राहतात, बाई. मी त्याच्यावर कुकर घेतला बी. मला बायकांचा डबा कशाला पाहिजे?"

"डब्याला कुलूप?"

"देवघराला कुठं कुलूप असतं?" शांतम्मा म्हणाल्या. "घर सगळ्यांचंच हाय. पंचफुला येती, तिची पोरगी वर्षाराणी येती, धम्मप्रिया येती. मी दर सोमवारी डबा उघडून बघत होते. कार्डं जागची हालली न्हाईत."

"शिलाई मशीनच घ्यायची, हे पंचफुलाबाईंना पसंत होतं ना?"

"पसंत म्हणजे? तिच्यासाठीच तर चाललं व्हतं." शांतम्मांनी पदर सारखा केला. "एकदा म्हणली, अम्मा, दुसरं काई घेऊ. मी म्हणलं, गप बस. देवानं हातात कला दिली, ती वाया घालवतीस का? भिडस्त हाय ती."

शिवकन्यानं पिशवीतून चहाचं नवं पाकीट काढलं, त्यातलं कार्ड सगळ्यांसमोर खरवडलं. पट्टीची करडी भुकटी झाली आणि नखात अडकली. मग तिनं डब्यातलं, गल्लीत खरवडलेलं एक कार्ड उचललं. त्याच्या कडेला पट्टीचा एक तुकडा अजून चिकटून होता. तिनं तो नखानं धरून ओढला. तो भुकटी न होता अख्खा सोलून निघाला, आणि खाली जुन्या खरवडीचे ओरखडे दिसले.

"ही कार्डं आधीच कुणीतरी खरवडली," ती म्हणाली. "आकडे घेतले, वरून नवी पट्टी चिकटवली आणि परत डब्यात ठेवली. तुम्ही दर सोमवारी बघत होता, म्हणून ती जागेवर दिसणं भाग होतं."

महादेवप्पांनी तो तुकडा हातात घेऊन बघितला. त्यांचा चेहरा कडक झाला.

"असल्या चंदेरी पट्ट्या अख्ख्या गावात एकाच दुकानात मिळतात," ते म्हणाले. "धम्मप्रिया कामाला हाय तिथं."

४

"मिळतात," धम्मप्रिया म्हणाली. "मीच विकते."

ती घराच्या पायरीवर बसली होती. आत तिची आई भामाबाई भाजी निवडत होती आणि बाहेरचं सगळं ऐकत होती. संध्याकाळची वेळ, पण शिकवणीला एकही मूल नव्हतं.

"कधीपासून येत नाहीत मुलं?"

"त्या दिवसापासून. कुणी काही बोललं नाही, ताई. कुणाचा ताप, कुणाची परीक्षा. दुकानाच्या मालकानं सांगितलं, थोडे दिवस येऊ नको." तिनं पायरीवरची काडी मोडली. "भांडायला आले असते तर बरं झालं असतं. निदान बोलता आलं असतं."

आतून भामाबाई म्हणाली, "आमच्या घरच्या चहाची बी कार्डं होती त्या डब्यात. ते कुणालाच आठवना."

शिवकन्यानं ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "पट्ट्या अलीकडे कुणी नेल्या?"

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. अम्मांकडे खेळ होता, पट्टी खरवडायची आणि खाली लिहिलेलं वाण घ्यायचं. वर्षाराणी न्यायला आली होती. खेळाची कार्डंही तिनंच चिकटवली, हात चांगला आहे तिचा. उरलेल्या पट्ट्या अम्मांकडेच पडून असतील."

"संक्रांतीनंतर डब्यात पडलेली कार्डं चालली?"

धम्मप्रियानं आठवून पाहिलं. "हो. तेवढीच चालली."

म्हणजे चोरी संक्रांतीच्या सुमारास झाली, आणि पट्ट्या त्या हळदीकुंकवातल्याच. त्या दिवशी शांतम्मांच्या घरात सगळी गल्ली होती. पण धम्मप्रियाचं नाव शिवकन्यानं तिथंच मनातून काढून टाकलं होतं. सगळे आकडे शेवटी जिच्याच हातात यायचे होते, तिला चोरून खरवडायची आणि पट्ट्या चिकटवत बसायची गरज काय? ती सगळ्यांदेखत आकडे घालून दुसऱ्याच खात्यात जमा करू शकली असती, आणि कुणाला कळलंही नसतं.

तिनं डब्यातली कार्डं बरोबर आणली होती. खरवडल्यावरही बऱ्याच पट्ट्यांच्या कडा शिल्लक होत्या. त्या तिनं उजेडात धरल्या. काही पट्ट्या अगदी काटकोनात बसवलेल्या. काही मात्र तिरक्या, कार्डाच्या बाहेर गेलेल्या, एक तर आकड्याच्या खालीच चिकटवून मग वरून दुसरी पट्टी लावून दुरुस्त केलेली.

"हे दोन माणसांचं काम आहे," ती हळूच म्हणाली. "एकीचा हात चांगला. दुसरीचा..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. उठली आणि पंचफुलाचं घर कुठलं, ते विचारलं.

५

पंचफुलाचं घर दोन खोल्यांचं, सारवलेलं, नीटनेटकं. दाराला एक जुना पडदा होता. त्याची दुमड अशी बारीक टाक्यांची की टाका शोधावा लागावा. वर्षाराणी बाहेर गेली होती. निलंग्याचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं, त्याच गडबडीत होती, असं पंचफुलानं सांगितलं.

"बसा, ताई. च्या करते."

शिवकन्या बसली. पंचफुला घरात सरावानं वावरत होती, पण दारात सरकवलेल्या पाटाला तिचा पाय लागला. चहा ओतताना तिनं डाव्या हाताचं बोट कपाच्या आत, काठावर धरलं. चहा बोटाला लागला तशी ती थांबली. कप काठोकाठ भरला होता, एक थेंबही सांडला नव्हता.

"पडदा तुम्ही शिवलेला?"

"हाव. लई वर्षं झाली."

"शेवटचं कधी शिवलं?"

"येळच न्हाई मिळत."

शिवकन्यानं पिशवीतून कंपनीचं चित्रांचं पत्रक काढून तिच्या बाजूला, जरा लांब धरलं. पंचफुला समोर बघत राहिली. पत्रक तिला दिसलं नव्हतं.

"पंचफुलाबाई," शिवकन्या म्हणाली, "तुम्हाला बाजूचं दिसत नाही ना?"

पंचफुलाच्या हातातला कप बशीवर टेकला. मागच्या खोलीत वाकळांची चळत होती, आणि चळतीमागे लुगडं पांघरलेलं काहीतरी चौकोनी. शिवकन्यानं तिकडं पाहिलं आणि नजर परत वळवली.

तेवढ्यात दारात वर्षाराणी येऊन उभी राहिली. आईचा चेहरा बघूनच तिला कळलं.

६

"नळीतून बघितल्यावानी दिसतंय," पंचफुला म्हणाली. "समोरचं तेवढं. कडंचं सगळं काळं. सुईत दोरा कवाच जात न्हाई. माझ्या बापाला असंच झालं, मग सगळंच गेलं. लातूरचा डॉक्टर म्हणला, घराण्यातून येतंय."

"म्हणून कुणाला सांगितलं नाही."

"कसं सांगू? पोरीचं ठरून राहिलंय. आईचे डोळे जाऊन राहिले, आज्याचे गेले, म्हणल्यावर पोरीला कोण करील?" तिनं तोंडावरून पदर फिरवला. "आन् अम्मा शिलाई मशीन आणून दारात ठेवणार. लोक कपडे घेऊन येणार. मी काय सांगणार व्हते? दळण मला जमतं. पीठ चिमटीत धरलं की कळतं, बारीक हाय का जाडं. त्याला डोळे लागत न्हाईत. अम्मांना म्हणलं व्हतं मी, दुसरं घेऊ. ऐकलं न्हाई कुणी."

"आकडे मी घातले," वर्षाराणी म्हणाली. "पट्ट्या दोघींनी चिकटवल्या. आईला म्हणलं, तू राहू दे. ती म्हणली, पाप एकटीच्या हातानं नको व्हायला."

"वाटलं, कंपनी खोटी निघाली म्हणतील आन् गप बसतील," पंचफुला म्हणाली. "ती शेवटची कार्डं चालली आन् त्या पोरीवर गेलं सगळं. तवापास्नं मला झोप न्हाई."

शिवकन्यानं चहा संपवला. तिला इथवर येताना उत्तर मिळवायचं होतं. ते मिळालं होतं, आणि आता ते हातात धरवत नव्हतं. कंपनीपुरतं बघितलं तर प्रकरण सोपं होतं. कार्डं खरी होती, वस्तू एकदाच दिली गेली, कंपनीचं काहीच बुडालं नव्हतं. नाव न घेता तक्रार बंद करता आली असती. मग धम्मप्रियाच्या पायरीवर संध्याकाळी कुणीच आलं नसतं.

"कंपनीला मी तुमचं नाव कळवणार नाही," ती म्हणाली. "पण उद्या सकाळी मी अम्मांच्या ओसरीवर सगळ्यांना सांगणार आहे, की हे धम्मप्रियानं केलेलं नाही आणि ते कशावरून. मी कुठपर्यंत बोलायचं, ते तुम्ही ठरवा."

७

दुसऱ्या दिवशी ओसरी भरली. धम्मप्रिया सगळ्यात मागे, खांबाला टेकून उभी होती.

शिवकन्यानं दोन्ही कार्डं दाखवली, भुकटी होणारी पट्टी आणि सोलून निघणारी. जिच्या हाती सगळे आकडे आपोआप येणार होते तिला ही उठाठेव करायचं कारण नव्हतं, हे तिनं सावकाश, एकेकीकडे बघत सांगितलं. काही बायकांनी माना खाली घातल्या. मग पट्ट्या हळदीकुंकवातल्या, हे सांगितलं. वस्तू नेली ती घरघंटी, हेही सांगितलं.

"ज्यांनी नेली त्यांना कंपनीची फसवणूक करायची नव्हती," ती म्हणाली. "त्यांना घरघंटीची गरज होती, आणि ती मागता येत नव्हती. मागितली असती तर का, हे सांगावं लागलं असतं. केंद्रातल्या माणसानं..."

ती तिथं थांबली. इथून पुढचं तिनं पंचफुलावर सोडलं होतं. वर्षाराणीनं आईचा हात धरून ठेवला होता. पंचफुलानं तो हलकेच सोडवला आणि उठली. उठताना पुढच्या बाईच्या खांद्याला तिचा हात लागला.

"मी नेली," ती म्हणाली. "माझे डोळे चाललेत."

मग तिनं सगळं सांगितलं. निलंग्याच्या स्थळाचंही.

शांतम्मांचा आवाज आला तो दुखावलेला. "माझ्याच घरात भाकरी थापत होतीस तू. एका शब्दानं सांगायचं व्हतंस."

"अम्मा, एका शब्दानं सांगितलं व्हतं. दुसरं काई घेऊ म्हणलं. तुमी गप म्हणलात."

शांतम्मा आपल्या हाताच्या बांगड्यांकडे बघत राहिल्या. वर्षभर त्यांनी सगळ्या गल्लीला एक चहा प्यायला लावला होता, तो जिच्यासाठी, तिला काय हवंय हे विचारायचं तेवढं राहिलं होतं.

पंचफुला वळली. मागच्या बाजूला धम्मप्रिया कुठं उभी आहे ते तिला दिसत नव्हतं, तिनं मान फिरवून फिरवून तिला शोधलं. "धम्मप्रिया, मला माफ कर, बाई."

"मावशी," धम्मप्रिया म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून पंचफुलाला दिशा मिळाली. "तुमचं दुखणं खरं आहे. पण या सगळ्यांना माझंच नाव पहिलं सुचलं, आणि तुम्ही ऐकत बसलात. मला थोडा वेळ लागेल."

ती चप्पल घालून निघून गेली. कुणी तिला थांबवलं नाही.

८

वर्षाराणीनं निलंग्याला स्वतः फोन केला. तिकडच्या मंडळींनी आधी विचार करायला वेळ मागितला आणि मग निरोप पाठवला की मुलाचा इतक्यात लग्नाचा विचार नाही. त्या दिवशी पंचफुला जेवली नाही. वर्षाराणी मात्र दुसऱ्याच दिवशी लातूरला जाऊन स्वतःचे डोळे तपासून आली. आजवर ठीक आहेत, दर वर्षी दाखवा, असं डॉक्टर म्हणाले.

घरघंटी चळतीमागून पुढच्या खोलीत आली. पहिलं दळण शांतम्मांचं. गव्हाचा डबा घेऊन स्वतः आल्या आणि पीठ होईपर्यंत बसून राहिल्या. हळूहळू बाकीच्याही येऊ लागल्या. धम्मप्रियाच्या पायरीवर दोन मुलं परत आली, मग आणखी काही. सगळी आली नाहीत. झेरॉक्सच्या मालकानं बोलावणं धाडलं, तेव्हा तिनं नाही म्हटलं आणि बाजारात दुसऱ्या दुकानात काम धरलं.

पावसाळा सरल्यावर शिवकन्या लातूरहून नांदेडला परत चालली होती. अहमदपूरला उतरून ती पंचफुलाकडे गेली. खोलीत ताज्या पिठाचा वास भरला होता. पंचफुला चिमटीत पीठ धरून अंगठ्यानं चोळत होती. दोघी बोलत असताना दारात कुणीतरी आलं आणि उंबऱ्याबाहेरच थांबलं.

पंचफुलानं मान वळवली नाही. "धम्मप्रिया?"

"हाव, मावशी. ज्वारी आणलीय."

"ये की आत."

धम्मप्रिया आत आली, डबा ठेवला आणि उभीच राहिली. चक्की सुरू झाली तसं बोलणं थांबलं. दळण होईपर्यंत कधीतरी ती भिंतीला टेकून खाली बसली. पंचफुलानं पीठ डब्यात भरलं, वरून हात फिरवून सारखं केलं आणि झाकण लावलं.

"पैशे राहू दे," ती म्हणाली. "तुझ्याकडून न्हाई घ्यायची मी."

धम्मप्रियानं पर्समधून पैसे काढले, पंचफुलाचा पिठानं माखलेला हात धरला, त्यात ठेवले आणि मूठ मिटून दिली.

"फुकट नको, मावशी," ती म्हणाली. "पुढल्या आठवड्यात हरभरा आणते. त्याचं पीठ बारीक पाहिजे."